शिडाच्या लहान नौकेवर बॅटरी न संपवता अन्न थंड कसे ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. आमची २४ फुटी शिडाची नौका गेटवेसमोर नांगरलेली असते. डिसेंबरात आम्ही तिघे तिच्यातून मुरूड-जंजिऱ्यापर्यंत जाऊन चार दिवसांनी परतणार आहोत. नौकेवर १०० अँपिअर-तासांची एक लेड-ॲसिड बॅटरी आणि १०० वॉटचे सोलर पॅनल आहे. मागच्या सफरीत गाडीत लावतात तसली, १२ व्होल्टवर चालणारी थंड पेटी नेली होती. पहाटेपर्यंत बॅटरी इतकी उतरली की डोलकाठीवरचा दिवा मंदावला, आणि दूध तरीही नासले. दुसरी बॅटरी घ्यावी, की कंप्रेसरचा छोटा फ्रीज?

उत्तर १

आपल्या बॅटरीला दोष देऊ नका. गाडीतल्या स्वस्त पेट्या बहुधा पेल्टिए तत्त्वावरच्या असतात, म्हणजे वीज वाहिली की त्यांतल्या पट्टीची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. त्या अखंड चार-पाच अँपिअर ओढतात, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक अँपिअर-तास, आणि एवढे करूनही आतले तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण वीसच अंशांनी उतरते. केबिन ३३ अंशांवर गेली की दूध १३ अंशांवर राहते, जे ५ अंशांखाली हवे. लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, हे धरले तर आपल्या हाती ५० अँपिअर-तास उरतात. कंप्रेसरचा फ्रीज चालू असताना चारेक अँपिअर घेतो, पण थांबत थांबत चालतो, त्यामुळे आपल्या हवेत त्याला दिवसाला ४० ते ५० लागतील. पॅनलवर शिडाची सावली पडली नाही, तर त्यातून २५ ते ३० परत मिळतील. दिवे आणि व्हीएचएफ (नौकेवरचा रेडिओ) यांचा खर्च मिळवला की हा ताळा चार दिवस जुळणे कठीण.

फ्रीज घेतलाच, तर तार जाड घ्यावी. बॅटरीपासून सहा मीटरवर एक चौरस मिलिमीटरची तार टाकली, तर जाण्या-येण्याच्या लांबीत चार अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात, आणि बॅटरी भरलेली असूनही कधी कधी कंप्रेसर सुरू होत नाही.

उत्तर २

वरील हिशेब बरोबर आहे; तरी चार दिवसांसाठी मी बर्फच निवडेन. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास उष्णता शोषतो. चाळीस लिटरच्या पेटीला सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर पीयूएफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम) असेल, तर भिंतींतून येणाऱ्या उष्णतेपायी रोज तीनेक किलो बर्फ जातो. जाडी दहा सेंटिमीटर केली, तर हाच खर्च दोन किलोंच्या आसपास येतो. झाकण उघडणे आणि आत कोमट वस्तू ठेवणे यांचा खर्च वेगळा. म्हणून दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधी पीयूएफवर घालावेत, कारण उद्या फ्रीज घेतला तरी ही जाडी त्याची वीजही वाचवील. झाकण वरून उघडणारे हवे, म्हणजे जड थंड हवा बाहेर सांडत नाही.

ससून डॉकवर मासेमारी नौकांच्या खणांत बर्फाचा चुरा भरतात, कारण त्याने मासळीला चहूबाजूंनी झाकायचे असते. आपल्याला तो टिकवायचा आहे, म्हणून अखंड लादीचा तुकडा घ्यावा. चुऱ्याचा पृष्ठभाग अधिक, म्हणून तो लवकर वितळतो. त्यासोबत घरच्या फ्रीजरमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून न्याव्यात, म्हणजे वितळल्यावर ते पाणी पिता येते. निघण्याच्या आदल्या रात्री थोडा बर्फ घालून पेटीच थंड करावी, नाहीतर पहिली लादी भिंती थंड करण्यातच खर्ची पडते.

उत्तर ३

पेटीत जाणाऱ्या वस्तूच कमी कराव्यात. कांदे, बटाटे, लिंबे, लसणीची चटणी, भाकरी, कोकम यांना थंडीची गरज नाही, आणि दुधाऐवजी पावडर चालते. मासळी मात्र बर्फाशेजारी, वेगळ्या बंद डब्यात ठेवावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बर्फाची पेटीच करतो. तिच्या तळाला निचऱ्याचे भोक पाडावे का?

उत्तर २

पाडावे, पण नळीला बुच लावावे आणि ती बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या पोकळीत, सोडू नये. मासळीचे पाणी तिथे कुजले की वास महिनाभर जात नाही. बर्फ शिल्लक असेतो ते पाणीही जवळपास शून्य अंशांवर असते, म्हणून अन्नाचे डबे जाळीवर उंच ठेवून ते राहू द्यावे आणि पातळी जाळीला टेकली की बादलीत काढावे.