दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाचा रात्रीचा लोड खाली कसा आणायचा?

देखभाल_कक्ष
नमस्कार. दिवाळीची १६ दिवस सुट्टी आहे. एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, ६३० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर. मागच्या दिवाळीचा मीटरचा लोड सर्व्हे (वेळेनुसार वापराची नोंद) काढला, तर सगळ्या इमारतींना कुलूप असताना रात्री २ ते ४ मध्ये ६२ किलोवॅट दिसतात. म्हणजे १६ दिवसांचे जवळजवळ २४ हजार युनिट. रस्त्यांचे दिवे १० किलोवॅट धरले, तरी बाकीचे कुठे जातात? ‘दिवे-पंखे बंद करून जावे’ हे परिपत्रक दरवर्षी निघतं, त्याने काही हलत नाही. परिसरात कॉम्प्युटर लॅब ७ (प्रत्येकी १० केव्हीएचे २ ऑनलाइन यूपीएस), नमुने ठेवायचे उणे ८० अंशांचे फ्रीजर ९, होस्टेल ४, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) आणि सर्व्हर रूम आहे. काय बंद करावं आणि कशाला हात लावू नये?

तांब्याची_तार
आधी यूपीएस बघा. १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस एकही कॉम्प्युटर चालू नसताना ३०० ते ४०० वॅट नुसता स्वतःवर खातो. तुमचे १४ आहेत, म्हणजे सुमारे ५ किलोवॅट आणि १६ दिवसांत १,९०० च्या आसपास युनिट.

पण शिपायाला ‘मेन पाडून ये’ सांगू नका. इनपुट एमसीबी (छोटा ब्रेकर) पाडला की यूपीएसला वाटतं लाइट गेली. तो बॅटरीवर जातो, कट-ऑफपर्यंत बॅटरी पिळतो आणि पुढचे दोन आठवडे ती तशीच रिकामी पडून राहते. एसएमएफ (सीलबंद) बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसतं आणि सुट्टीनंतर बॅकअप ३० मिनिटांवरून ५ वर येतो. क्रम असा ठेवा: कॉम्प्युटर बंद, यूपीएसचं आउटपुट बंद, पॅनलवरून इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीचा ब्रेकर आणि शेवटी इनपुट. बॅटरी पूर्ण चार्ज करून अशी सोडली तर तीन आठवडे तिला काही होत नाही.

दुसरं म्हणजे मजल्याचा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) सरसकट पाडू नका. जुन्या इमारतींत सीसीटीव्हीचा स्विच, फायर अलार्मचं पॅनल आणि दाराचं बायोमेट्रिक हे सगळं लाइटिंगच्याच डीबीवर कुणीतरी जोडून ठेवलेलं असतं. फायर पॅनल बॅटरीवर एखादा दिवस काढतं, मग मुकं होतं. सुट्टीच्या आठवडाभर आधी एकेक एमसीबी पाडून काय बंद होतं ते बघा आणि जे चालू राहायला हवं त्यावर लाल टेप लावा. हायड्रंटचा जॉकी पंप (आगीसाठीच्या पाण्याच्या लाइनचा दाब टिकवणारा) ऑटोवरच राहू द्या. तो रात्री सारखा सुरू होत असेल तर लाइनला गळती आहे आणि ती शोधायला सुट्टीसारखी वेळ नाही.

केव्हीएएच
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण बिलाची बाजू राहिली. महावितरण एचटीला एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांवर नव्हे, केव्हीए-तासांवर) बिल लावते आणि लीडही (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाल्याने पडणारा भार) मोजते. लोड ३० किलोवॅटवर आला आणि एपीएफसी पॅनल (लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-काढणारं) मॅन्युअलवर राहून ४० केव्हीएआर लीड जात असेल, तर ३० युनिटांचे ५० लागतात. तुम्ही लोड जितका खाली आणाल तितका हा फटका मोठा. म्हणून पॅनल ऑटोवर ठेवा, ट्रान्सफॉर्मरजवळचे फिक्स्ड कपॅसिटर लोडप्रमाणे काढा आणि पहिल्याच रात्री मीटरवर पीएफ (पॉवर फॅक्टर) वाचा.

दोनपैकी एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवता येईल. नुसता एलटीचा (कमी दाबाच्या बाजूचा) एसीबी ब्रेकर पाडून उपयोग नाही, एचटीचा व्हीसीबी ब्रेकर उघडला तरच कोअरमध्ये वाया जाणारी वीज थांबते. वाचणार १६ दिवसांत साडेतीनशे युनिटांच्या आसपास, म्हणजे फार नाही. बस कपलर (दोन ट्रान्सफॉर्मरांच्या बाजू जोडणारा स्विच) नसेल तर नादी लागू नका.

डिमांड चार्ज (सर्वोच्च मागणीवर लागणारा आकार) कमी होईल ही आशा सोडा. बिलिंग डिमांड मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली जात नाही. उलट सुट्टी संपल्यावर सोमवारी सकाळी एकदम सगळे एसी आणि गिझर चालू करून नवा उच्चांक केलात, तर तो वर्षभर बोकांडी बसेल. इमारतींमध्ये १५-२० मिनिटांचं अंतर ठेवा.

पेट्री_डिश
उणे ८० चे फ्रीजर बंद करायचे नाहीत, पण विभागाची लेखी संमती घेऊन उणे ७० वर आणता येतात. बहुतेक नमुन्यांना ते चालतं आणि विजेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. सेट पॉइंटबरोबर अलार्मची मर्यादाही सरकवा, नाहीतर सुरक्षारक्षकाला रात्रभर शिट्टी ऐकावी लागेल. कंडेन्सरची जाळी धुळीने पांढरी झालेली असते, ती आधी साफ करा. आणि बचतीच्या नावाखाली त्या खोलीचा एसी बंद करून दार लावू नका. प्रत्येक फ्रीजर खोलीत उष्णताच ओततो. कोंडलेल्या खोलीत कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि शेवटी ट्रिप होतो. दोन फ्रीजर अर्धे रिकामे असतील तर एकात भरा, यापेक्षा मोठी बचत नाही.

सर्व्हर रूमचा एसी १८ वर असेल तर २४-२५ वर आणा, यंत्रांना काही होत नाही.

गूळ_आणि_शेण
एसटीपीचा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा) पूर्ण बंद केलात तर जिवाणू मरतात आणि सुट्टीनंतर पंधरा दिवस वास येतो. तासात १५-२० मिनिटं टायमरवर चालवा, सांडपाणी येत नसेल तर रोज थोडं गुळाचं पाणी घाला.

होस्टेलमध्ये राहिलेले संशोधक विद्यार्थी एकाच इमारतीत आणा. बाकी तिन्हींचे वॉटर कूलर रिकामे करून, पुसून, झाकण उघडं ठेवून बंद करा. गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी मात्र रिकामी करू नका. काचेच्या नळ्या कोरड्या तापतात आणि भर दुपारी कुणी पाणी सोडलं की तडकतात. टाकी भरलेली, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आणि नळ्यांवर हिरवी जाळी.

देखभाल_कक्ष
आभार. यूपीएसचा क्रम प्रत्येक लॅबच्या दारावर चिकटवतो. एक शंका: प्रशासकीय इमारतीत व्हीआरएफ एसी (एका आउटडोअरवर अनेक खोल्या) आहे, त्याच्या आउटडोअरचा मेन पाडावा का?

तांब्याची_तार
पाडा, पण वर्ग सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळीच चालू करा. आत कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर असतो, तो बंद असताना गॅस तेलात मिसळतो. निदान ६ तास हीटर चालल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू केला तर तेल फेसाळतं आणि बेअरिंग जातात.