सोसायटीच्या पूलला उग्र वास, बाजूचं चेंबर तुंबलेलं, तक्रार नक्की कुठे करायची?

मुलुंडची_आई:
गेले दोन आठवडे पूलमधून आली की लेकीचे डोळे लालभडक आणि वास तर पार लिफ्टपर्यंत येतो. ऑपरेटरला विचारलं तर त्याने नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले, पिवळं झालं, म्हणे बघा मॅडम क्लोरिन फुल आहे म्हणून वास येतो. त्यात भिंतीलगतचं चेंबर दर चार दिवसांनी तुंबतं, पोरं त्या घाण पाण्यातून अनवाणी पूलमध्ये. सेक्रेटरी काका म्हणतात बीएमसीचं काम. खरंच का?

जुना_पूलवाला:
ताई, वास आला म्हणजे क्लोरिन जास्त हा सगळ्यात मोठा गैरसमज. घाम, तेल आणि (सॉरी) पोरांची सूसू यात क्लोरिन खर्ची पडून क्लोरामाइन बनतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. पिवळ्या रंगाच्या टेस्टमध्ये हे खर्ची पडलेलंही मोजलं जातं त्यामुळे ती फसवते. डीपीडी नंबर १ ची गोळी आणा, ती फक्त फ्री, म्हणजे अजून खर्ची न पडलेल्या, क्लोरिनला गुलाबी होते, १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं. पीएचही बघा, ७.२ ते ७.८, ८ च्या वर गेला की क्लोरिन टाकून फारसा उपयोग नाही. फ्री कमी निघालं तर रात्री पूल बंद करून जास्तीचा डोस मारावा लागतो.

वॉर्डातला_माणूस:
गेटच्या आतली लाइन सोसायटीची, रस्त्याखालचं मेनहोल पालिकेच्या मलनिस्सारण खात्याचं. बाहेरचं भरलेलं असेल तर १९१६ ला फोन, नसेल तर चोकअप तुमच्याच आत. पूलच्या पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात, एमओएचच्या (वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या) नावे लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या, नुसतं तोंडी सांगून काही होत नाही. आणि चेंबर साफ करायला कुणालाही आत उतरवू नका हां, आतल्या गॅसने माणूस मिनिटात जातो, २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे, मशीन मागवा.

दादरचा_बेडूक:
आमच्या दादरच्या जलतरण तलावात २०२३ ला मगरीचं पिल्लू निघालं होतं, तुमचं नुसत्या वासावर भागलंय 😄 पण पूल बंद ठेवणार असाल तर पाणी तसंच सोडू नका, डासांच्या अळ्या होतात आणि मग कीटकनाशकवाल्यांची नोटीस सोसायटीलाच.

मुलुंडची_आई:
अपडेट देते. गोळी टाकली, गुलाबी इतकं फिकट की नळी पांढऱ्या रुमालापुढे धरावी लागली, चार्टवर ०.५ पण नाही. बाहेरचं मेनहोल पालिकेच्या माणसांनी उघडून दाखवलं, पाणी मस्त वाहतंय. म्हणजे दोन्ही घोळ आमचेच. काकांनी नळी तीनदा उजेडात फिरवून बघितली आणि मग गुपचूप मशीनवाल्याला फोन लावला. पूल आजपासून बंद, लेक माझ्यावरच रुसलीये.