फॅटी लिव्हर: फिब-४ आला १६४, फायब्रोस्कॅन ११.२. आता थेट बायोप्सी?

सांगलीकर
रुग्ण पुरुष, वय ५२, वजन ९४ किलो, मधुमेह आहे, दारू नाही. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. यकृताची एन्झाइम्स एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९ लाख. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर फिब-४ (वय आणि या तीन आकड्यांवरून काढलेला यकृताच्या फायब्रोसिसचा, म्हणजे व्रणांचा, अंदाज) चक्क १६४ येतोय. एका शिबिरात नाश्त्यानंतर फायब्रोस्कॅन (त्वचेवर प्रोब टेकवून यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) झाला: ११.२ किलोपास्कल, आयक्यूआर-मीडियन ४१ टक्के, कॅप (चरबीचा आकडा) ३१८, एम प्रोब. ग्रेड २ म्हणजेच फायब्रोसिसचा टप्पा एफ-२ का? बायोप्सीला पर्याय आहे का?

लॅबवाला
१६४ हा निव्वळ एककाचा घोळ. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत छापतात, सूत्राला त्या हजारांत लागतात. १.९ नव्हे, १९० घाला.

वय गुणिले एसजीओटी: ५२ × ४८ = २४९६. एसजीपीटीचं वर्गमूळ ८, त्याला १९० ने गुणलं की १५२०. २४९६ भागिले १५२० = १.६४.

१.३ च्या खाली असता तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस बहुधा नाही म्हणून सोडून देता आलं असतं, मधुमेहामुळे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढायचा, एवढंच. २.६७ च्या वर गेला तर शक्यता बरीच. तुमचा मधला आहे. याचा अर्थ फायब्रोसिस आहे असा नाही, दुसरी तपासणी हवी असा आहे. फिब-४ ‘नाही’ म्हणायला चांगला, ‘आहे’ म्हणायला कच्चा.

आणि सोनोग्राफीचा ग्रेड चरबीचा असतो; एफ-० ते एफ-४ हे फायब्रोसिसचे टप्पे. ग्रेड १ असून लिव्हर कडक झालेलं असू शकतं, ग्रेड ३ असून एफ-०ही. हे दोन आकडे एकमेकांना जोडूच नका.

प्रोब_एक्सएल
तो ११.२ बाजूला ठेवा. दहा वैध मोजण्यांचा मध्य हा निकाल असतो आणि त्या मोजण्या किती विखुरल्या ते आयक्यूआर-मीडियन सांगतो. मध्य ७.१ किंवा जास्त असेल तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत हवं. ४१ म्हणजे आकडे हेलकावे खात होते.

शिवाय नाश्ता. जेवल्यावर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि कडकपणा खोटाच जास्त दिसतो. किमान तीन तास पोटात काही नको. शिबिरांत नेमकं हेच कोणी बघत नाही, कारण रांग हलवायची असते.

पुन्हा करताना: उताणं झोपून उजवा हात डोक्यामागे, म्हणजे फासळ्यांमधली जागा मोकळी होते. प्रोब त्वचेला काटकोनात. त्वचेपासून यकृताच्या आवरणापर्यंतचं अंतर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर एम नव्हे, एक्सएल प्रोब लागतो. यंत्र स्वतः प्रोब सुचवतं, ते मानलं का हे विचारा. ९४ किलोला हा प्रश्न रास्त आहे. पोटात पाणी झालेलं असेल तर ही तपासणी होतच नाही.

कॅप ३१८ म्हणजे चरबी भरपूर; २७५ च्या वर ती धरतातच. फायब्रोसिसबद्दल त्यातून काही कळत नाही.

लॅबवाला
फिब-४ बद्दल आणखी. सूत्रात वय वर असल्यामुळे म्हाताऱ्यांत तो आपोआप चढतो. वय ७०, एसजीओटी ३०, एसजीपीटी २५, प्लेटलेट २.२ लाख धरलं तर १.९१ येतो, पण ६५ नंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात, त्यामुळे काळजी नाही. पस्तिशीच्या आत मात्र त्यावर विसंबू नये.

पावसाळ्यात एक सापळा असतो: डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, एसजीओटी चढतं, आणि निरोगी यकृताचाही फिब-४ आभाळाला भिडतो. ताप जाऊन दोन्ही आकडे पूर्ववत झाल्यावरच काढा. जोरदार व्यायामानंतर किंवा नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्यावरही एसजीओटी वाढतं. प्लेटलेट अचानक कमी दिसल्या तर स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) गुठळ्या बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. अशा वेळी निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत मोजून उत्तराला १.१ ने गुणायचं.

सांगलीकर
फायब्रोस्कॅन नीट उपाशीपोटी करूनही मधलाच आकडा आला तर?

हिपॅटोवाचक
८ च्या खाली आला तर बायोप्सीचा विषय तिथेच मिटला. १२ च्या वर आला तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस गृहीत धरून यकृततज्ज्ञाकडे. ८ ते १२ मध्ये अडकला तर एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रावर कडकपणा मोजणं. ती यकृताचा बराच मोठा भाग मोजते आणि लठ्ठपणाने फारशी बिघडत नाही, पण खर्चिक, आणि मोजक्याच ठिकाणी मिळते. ईएलएफ ही रक्ततपासणीही आहे, हायलुरॉनिक ॲसिडसह तीन घटकांची, तिथे ९.८ च्या वर शक्यता जास्त धरतात.

बायोप्सी तेव्हा, जेव्हा या तपासण्या एकमेकींशी जुळत नाहीत किंवा फॅटी लिव्हरशिवाय दुसराच आजार असल्याची शंका आहे. त्याआधी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली का, ते बघा. स्वस्त असूनही ती वारंवार राहून जाते. एसजीपीटी मर्यादेच्या पाचपट चढलेलं असताना, कावीळ असताना किंवा हृदय कमजोर असताना फायब्रोस्कॅन करू नका, कडकपणा सूज आणि रक्तसंचयाचाच मोजला जाईल.

फायब्रोस्कॅनचा आकडा २० च्या वर गेला किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी सांगतील. तुमच्या १.९ लाखावर आज ती वेळ नाही. पुढच्या वेळी त्याच यंत्रावर, त्याच प्रोबने करा आणि आयक्यूआर छापलेलं पूर्ण पान मागून घ्या.