मदत हवी आहे: अ‍ॅडमिन मीच आहे, पण इतरांच्या फायली मला उघडता येऊ नयेत

नमस्कार मंडळी,

ऑफिसात एकच विंडोज संगणक आहे आणि आम्ही चौघं तो आलटून पालटून वापरतो. खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. मशीन मीच लावलं, त्यामुळे अ‍ॅडमिनचे अधिकार आपसूक माझ्या खात्याला मिळाले. आमच्यातल्या एक ताई समुपदेशन करतात आणि त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांच्या नोंदी याच मशीनवर टाइप करतात. परवा त्यांनी सरळच विचारलं, "माझ्या फायली तुला वाचता येतात का रे?"

'नाही' म्हणणं खोटं ठरलं असतं. एक सहकारी सोडून गेला, तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून त्याचा डेटा काढून दिला होता. दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नसल्याची पाटी येते खरी, पण त्याच पाटीवर 'कंटिन्यू'चं बटणही असतं. ते दाबलं की फोल्डर उघडतो. पासवर्ड नाही, काही नाही.

"मी बघणार नाही" असा शब्द ताईंना देता येईल, पण मला तेवढ्यावर भागवायचं नाहीये. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचं नाव काढलं तर पुरेल का? की बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावू? विंडोज प्रो आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

कळफलक्या:
नाव काढून उपयोग नाही. अ‍ॅडमिनला कुठल्याही फोल्डरची मालकी स्वतःकडे घेता येते, आणि मालक झालात की परवानग्या तुम्हीच लिहिणार. एवढी खटपटही नको असेल तर रोबोकॉपी (फायली कॉपी करणारी विंडोजचीच कमांड) बॅकअप मोडमध्ये चालवा. परवानग्यांना हात न लावता फायलींची प्रत निघते. बॅकअप घेता यावा म्हणून हा अधिकार मुद्दामच ठेवलेला आहे.

त्या 'कंटिन्यू'बद्दल मात्र सावध राहा. ते फक्त तेवढ्यापुरतं दार उघडत नाही, तुमच्या खात्याचं नाव त्या फोल्डरच्या परवानग्यांत कायमचं लिहून ठेवतं. पुढच्या वेळी पाटीसुद्धा येत नाही. ताईंचा सिक्युरिटी टॅब त्यांच्यासमोरच उघडून दाखवा, तिथे तुमचं वेगळं नाव नसेल तर तुम्ही निदान त्या वाटेने आत गेलेला नाहीत.

शून्यप्रहर:
लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

कळफलक्या:
@शून्यप्रहर, रूटला, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनला, तिथेही कोणी अडवत नाही हो. आणि उबुंटू या लिनक्समध्ये तर २१.०४ ही आवृत्ती येईपर्यंत नवं होम फोल्डर साध्या वापरकर्त्यांनाही वाचता यायचं. २१.०४ पासून ती परवानगी ७५५ ची ७५० झाली, म्हणजे इतरांचं वाचणं बंद.

आडवाटेने:
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बिटलॉकर जरूर लावा, पण तो या कामाचा नव्हे. मशीन चोरीला गेलं किंवा कोणी पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करून डिस्क वाचायला बसलं, तर तो वाचवतो. एकदा विंडोज सुरू झालं की आतल्या सगळ्यांना डिस्क उघडीच.

तुम्हाला हवंय ते एन्क्रिप्शन, ज्याची किल्ली तुमच्याकडे नाही असं. प्रोमध्ये ईएफएस आहे, म्हणजे निवडक फोल्डर एन्क्रिप्ट करण्याची विंडोजचीच सोय: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे एन्क्रिप्टची खूण. किल्ली ताईंच्या खात्याशी बांधली जाते. इथे एक मोठी खोच आहे. ताई पासवर्ड विसरल्या आणि तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून तो रीसेट करून दिलात, की त्या फायली त्यांनाही उघडणार नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सर्टिफिकेट किल्लीसकट एक्सपोर्ट करून ताईंच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवायला सांगा.

मी असतो तर व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमचा कंटेनर वापरला असता. सगळ्या नोंदी पोटात ठेवणारी एकच कुलूपबंद फाइल, तिचा पासवर्ड फक्त ताईंना ठाऊक. विंडोजच्या पासवर्डशी त्याचा काही संबंध नाही.

धागाकर्ता:
धन्यवाद! कंटेनर पटतोय. पण ताई तो उघडा ठेवूनच उठल्या आणि मी 'स्विच यूजर' करून माझ्या खात्यात आलो तर?

आडवाटेने:
तर ती ड्राइव्ह तुम्हालाही दिसेल. माउंट केलेला, म्हणजे पासवर्ड टाकून ड्राइव्हसारखा उघडलेला, कंटेनर मशीनवर लॉग-इन असलेल्या सगळ्यांना दिसतो आणि 'स्विच यूजर'ने तो बंद होत नाही. उठताना आधी डिसमाउंट (कंटेनर बंद), मग साइन आउट, ही सवय लावावीच लागेल.

आणखी एक. वर्डची ऑटोरिकव्हरची (काम चालू असताना आपोआप जपलेली) प्रत कंटेनरमध्ये जात नाही, ती ताईंच्या प्रोफाइलमधल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात पडते. म्हणजे मूळ नोंद कुलुपात आणि अर्धवट प्रत बाहेर. वर्डच्या ऑप्शन्समध्ये जाऊन ती जागाही कंटेनरमध्ये वळवा.

तिऱ्हाईत:
सगळं बरोबर आहे, पण धागाकर्त्याने मनात आणलं तर ताई काय टाइप करतात ते टिपणारा प्रोग्रॅम तो गुपचूप टाकू शकतोच की. मग कंटेनरचा पासवर्डही गेला. (धागाकर्ते, राग नसावा.) तेव्हा रोजचं काम साध्या खात्यातून करा, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं काढा आणि त्याचा पासवर्ड दोघांत वाटा: अर्धा तुम्ही टाका, अर्धा ताईंनी. काही बसवायचं असेल तर दोघं समोर हवेत.

जोडीला त्या फोल्डरवर ऑडिटिंग चालू करा, कोणी काय उघडलं ते सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ क्रमांकाने नोंदलं जातं. अ‍ॅडमिन लॉग पुसू शकतो, पण पुसल्याची नोंद, क्रमांक ११०२, नव्या लॉगमध्ये येऊन बसते.

धागाकर्ता:
राग कसला, तेच तर विचारत होतो. अर्ध्या-अर्ध्या पासवर्डची कल्पना ताईंना भलतीच आवडली. आता शेवटचं: दर आठवड्याचा बॅकअप मी घेतो. कंटेनर न उघडता त्याची नुसती प्रत घेतली तर चालेल ना?

आडवाटेने:
चालेल, कंटेनर बंद असताना घ्या. फक्त एक बघा: आतल्या नोंदी बदलल्या तरी कंटेनर फाइलची तारीख व्हेराक्रिप्ट मुद्दाम जुनीच ठेवतं. तारीख पाहून बदललेल्या फायली उचलणारा बॅकअप प्रोग्रॅम ती सोडून देईल आणि तुमच्याकडे पहिल्या दिवसाचीच प्रत राहील. प्रेफरन्सेसमध्ये टाइमस्टँप जपण्याची खूण आहे, ती काढून टाका. ती सेटिंग ताईंच्या खात्यातून बदला, तुमच्या नव्हे.