विश्वस्त तेच असले तरी यादी वेगळीच हवी
दोन धर्मादाय संस्थांचे विश्वस्त तेच, कचेरीही एकच, मग देणगीदारांच्या याद्या वेगळ्या कशाला, असं एकाने विचारलंय. मी कोथरूडमधल्या एका संस्थेचे हिशेब पाहते. माझं मत: वेगळ्या करा, आणि मार्चअखेरच्या गर्दीआधी करा.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी दोन, पॅन दोन, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यताही दोन. देणग्यांचं विवरणपत्र प्रत्येक संस्थेला आयकर खात्याकडे आपापलं भरावं लागतं, आणि देणगीदाराचं करसवलतीसाठीचं प्रमाणपत्र त्यातूनच निघतं. आमच्याकडेही अशाच दोन संस्थांच्या नोंदी एकाच एक्सेलमध्ये होत्या. एका निवृत्त शिक्षिकाबाईंची देणगी दुसऱ्याच संस्थेच्या नावावर चढली. पावती एकीची, प्रमाणपत्र दुसरीचं! विवरणपत्र दुरुस्त केलं, पण त्या वयात बाईंना दोनदा हेलपाटे पडले, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि वेगळी करताना जुनी यादी जशीच्या तशी दोघींना देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती ज्या कारणासाठी दिली, त्यापुरतीच. कुणी वसतिगृहासाठी नंबर दिला असेल, तर तो वृक्षारोपणाच्या आवाहनासाठी दिलेला नाही. पावती ज्या संस्थेची फाटली, तिच्याकडे नाव ठेवा. दोघींना देणाऱ्यांचं दोन्हीकडे. दुसऱ्या संस्थेची माहिती पाठवायची असेल तर आधीच्या संस्थेनेच फोन करून विचारावं आणि होकाराची तारीख लिहून ठेवावी. पॅन मात्र होकार मिळाला तरी इकडून तिकडे देऊ नका, देणगी येईल तेव्हा नव्याने मागा.