पिकअपचं काम स्वतः करावं की गॅरेजवर सोडावं?

कांदेवाला_मंद्रूप
हंगामात आमच्या भागातून मार्केट यार्डात कांदा आणणाऱ्या कितीतरी पिकअपचा मालकच ड्रायव्हर असतो. हप्ता त्याचा, डिझेल त्याचं, भाडं बुडालं तर नुकसानही त्याचंच. तरी पहाटे गाडी स्टार्ट झाली नाही की गडी बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहतो. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला तिचा दोष शोधता आलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. हेडलाइटला रिले (लाइटला थेट बॅटरीतून करंट देणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच), मागच्या पाट्यात, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जादा पट्टी असली कामंही त्यानं घरी करावीत.

चावी फिरवली, सेल्फ कट् कट् करतोय, इंजिन फिरत नाही. अशा वेळी बरेच जण थेट नवीन बॅटरी आणतात. अहो, चार-पाचशेला मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ पाहिजे, कमी असेल तर अल्टरनेटरकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोकडे, बघा. बॅटरी चांगली निघाली तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावरच लावा, क्लॅम्पवर लावू नका. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनशी जोडणी, खराब आहे. बॅटरीची वायर काढून ठेवा, अर्थची पट्टी खोला. बोल्टखाली गंज साचलेला असतो, पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, आवळा. झालं काम. पॉलिश पेपरच्या पैशात बॅटरीचा खर्च वाचला.

होटगी_रोड_गॅरेज
मालक, अर्थिंगचं शंभर टक्के बरोबर सांगितलंत. चांगली बॅटरी काढून ठेवलेली गिऱ्हाईकं आमच्याकडेही येतात. पण पाट्याची पट्टी त्याच वाक्यात बसवलीत, ते मला अजिबात पटलं नाही.

बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चेसिसवर आणि त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जादा प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता तुम्ही पट्टी वाढवली. माल भरूनही चेसिस वरच राहिली. व्हॉल्व्हच्या हिशेबानं गाडी रिकामीच! मागचा ब्रेक कमी लागणार, सगळा भार पुढच्या पॅडवर. अशी भरलेली गाडी तुळजापूरचा घाट उतरताना डोळ्यांसमोर आणा.

आणि पट्टीनं गाडीची क्षमता वाढत नाही. ॲक्सल तोच, टायर तेच, आरसी बुकातलं वजन तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

कांदेवाला_मंद्रूप
पट्टीनंतर व्हॉल्व्हचा दांडा सेट करता येतो की.

होटगी_रोड_गॅरेज
येतो, पण अंदाजानं नाही. गाडीवर ठरलेलं वजन ठेवून, पुढच्या-मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. घराच्या अंगणात ते कसं करणार?

कांदेवाला_मंद्रूप
मग अण्णा, एक रोखठोक विचारतो. यार्डातल्या ज्या गाड्यांना जादा पट्टी आहे, ती कुणी बसवली? शेतकऱ्यानं घरी पाटा खोलला नाही, पैसे घेऊन वर्कशॉपवाल्यांनीच बसवली. माझ्या माहितीतल्या एकाही मालकाला व्हॉल्व्हबद्दल कुणी अवाक्षर सांगितलेलं नाही. तुम्ही आत्ता लिहिलंत ते मालकाला माहीत असेल तरच तो दारात विचारेल, ‘दांडा सेट केला का?’ म्हणून म्हणतो, गाडी शिकून घ्या.

जुळे_सोलापूर
हेडलाइटबद्दल लिहिते. आमच्या घरी पिकअप आहे आणि वायरिंग मी बघते. लोक ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिपर) बल्ब काढून १००/९० चा घालतात. हिशेब करा: ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर, दोन बल्बना १०. शंभरचे दोन घातले की जवळजवळ १७. मूळ वायर आणि स्विच तेवढ्यासाठी केलेलेच नाहीत. शेजारच्या गाडीचं कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) मी उघडून पाहिलंय. प्लास्टिक पिवळं पडून पिनेला चिकटलं होतं, वायरचं आवरण बोट लावताच भुगा होत होतं. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच, आणि कायद्यातही बसत नाही.

रिले मात्र जरूर लावा, मूळ बल्बच ठेवून. जुन्या गाडीत स्विचपर्यंत जाऊन येताना व्होल्ट पडतात, रिलेनं ते बल्बला पूर्ण मिळतात आणि उजेडात फरक दिसतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. फ्यूजच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. नवीन गाडीत वायर कापू नका, कपलरला थेट लागणारा तयार सेट आणा.

चिंचोळी_ट्रान्सपोर्ट
माझं मत या सगळ्याच्या उलट आहे. माझ्या ड्रायव्हरांना मी पाना हातात घेऊ देत नाही. वॉरंटीत वायरिंगला हात लागलेला दिसला की क्लेम अडकतो. बाजूचे फाळके उंच केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई) आडवं येतं, आणि कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण माझी खरी भीती निराळी आहे. मे महिन्यात आपल्याकडचं डांबर मऊ होतं, जॅक रुततो आणि माणूस गाडीखाली असतो. भाडं दोन तास उशिरा गेलं तर मला चालेल.

जुनं_डिझेल
आमच्या वेळी डिझेल संपून लाइनीत हवा शिरली की इंजेक्टरचे नट ढिले करून, सेल्फ मारून हवा काढायचो. रस्त्यावरच गाडी चालू. आताच्या पोरांना सगळ्याची धास्ती.

होटगी_रोड_गॅरेज
काका, तुमचा अनुभव मोठा, पण कृपा करून हे कॉमन रेल गाडीवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय-प्रेशर नळीतून डिझेल देणाऱ्या आताच्या गाडीवर) कुणाला सांगू नका. तिच्या रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं. ढिल्या नटातून सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि हात गमवायची वेळ येते. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा, फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. तिथवर मालकानं करावं. त्यापुढच्या लाइनीला हात लावू नये.

कांदेवाला_मंद्रूप
काकांना दिलेलं उत्तर मला मान्य. चिंचोळीवाल्यांना मात्र सांगतो, तुमच्याकडे एक गाडी बंद पडली तर दुसरी पाठवता येते. आमच्याकडे दुसरी नाही. लिलावाची वेळ गेली की माल दुसऱ्या दिवसावर जातो आणि भाव कुणी थांबवून धरत नाही. जॅकखाली रुंद फळी, चाकांना दगड, चेसिसखाली स्टँड, एवढं असल्याशिवाय कुणी गाडीखाली जाऊ नये हे तुमचं बरोबर. पण मल्टिमीटर लावायला गाडीखाली जावं लागत नाही.

चिंचोळी_ट्रान्सपोर्ट
मीटर लावा, माझी हरकत नाही. पण ड्रायव्हरकडून मेकॅनिकचं काम करून घ्यायचं असेल तर त्याचा पगारही तसा द्यावा लागेल. तो मी देत नाही, म्हणून ते काम सांगतही नाही.