रोज 20 कांजींचा वेग झेपेल का?

रोज 20 कांजी (जपानी लिहिताना वापरतात ती चिनी मूळची चिन्हं) केल्या की 2136 जोयो, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या, कांजी साडेतीन महिन्यांत संपतील, असा हिशेब मांडला जातो आणि कागदावर तो बरोबर आहे. पण त्यात उजळणी धरलेलीच नाही. जपानमधल्या मुलांना पहिलीत 80 आणि सहावीपर्यंत 1026 कांजी शिकवतात, तेही भाषा आधीपासून बोलता येत असताना! मी 20 ने सुरुवात केली होती. तिसऱ्या आठवड्यात उजळणीचाच डोंगर झाला, नवीन काही डोक्यात शिरेना. आता रोज पाच करते, आणि उजळणी तुंबली की नवीन पूर्ण बंद.

कांजीच्या भागांवरून गोष्टी रचून लक्षात ठेवायची पद्धत चांगलीच आहे. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती', हे कोण विसरेल? खरी पंचाईत सारख्या दिसणाऱ्यांची होते. 'देऊळ' या चिन्हाला डावीकडे सूर्य जोडला की वेळ, हात जोडला की धरणे, माणूस जोडला की सामुराई. हे तिन्ही वेगवेगळ्या दिवशी शिकले तेव्हा सतत गोंधळ व्हायचा. शेजारी शेजारी लिहिले आणि सुटला. शिवाय देवळाचा 'जि' हा ओन (चिनीवरून आलेला) उच्चार या तिघांतही येतो, म्हणजे उच्चार फुकटात मिळतो. (पावलांचं चिन्ह जोडून होणाऱ्या 'वाट पाहणे'त मात्र तो 'ताइ' होतो, तेवढं जपा.)

सुटी कांजी पाठ करू नका, तिच्यासोबत निदान एक शब्द तरी घ्या. आणि हाताने लिहाच, रोज थोडं का होईना.